एक डोळा अंधारासाठी

१९८० च्या मे महिन्यात नत्थूजी नगराळे बावन्न वर्षांचे होते आणि रडारवर बसून त्यांना चौदा वर्षं झाली होती. मी चोवीस वर्षांचा, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन सात महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेला. कागदोपत्री मी त्यांचा साहेब होतो. पण पडद्यावरचा डाग ढगाचा आहे की टेकडीचा, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

आमचं हवामान केंद्र नागपूरच्या बाहेरच्या अंगाला, एका उघड्या माळावर होतं. मोठ्या अंगणाच्या एका टोकाला रडारची जुनी दुमजली इमारत आणि गच्चीवर फिरणारी थाळी. दुसऱ्या टोकाला कार्यालयाची नवी बैठी इमारत. लांब कुठे वादळी ढग उभा राहिला की रडारच्या गोल पडद्यावर तो फिकट हिरव्या ठिपक्यासारखा उमटायचा. नत्थूजी तो कागदावर उतरवायचे, त्याचं अंतर आणि दिशा आकड्यांच्या ठराविक भाषेत लिहायचे. तो कागद टेलिप्रिंटरवर जायचा आणि तारेवरून विमानतळाकडे, अंदाज देणाऱ्या मंडळींकडे पोचायचा. एरवी तासाला एक संदेश. ढग शंभर किलोमीटरच्या आत आला की दर पंधरा मिनिटांनी एक.

त्या उन्हाळ्यात हे संदेश उशिरा पोचू लागले. नेहमी नव्हे, नेमके वादळाच्या दिवशी. एका दुपारी साडेतीनचा संदेश चार वाजून दोन मिनिटांनी पोचला. तोवर वादळ शहरावर येऊन ठेपलं होतं, आणि उतरायला आलेलं एक विमान आयत्या वेळी माघारी पाठवावं लागलं. कोणाला इजा झाली नाही. पण विमानतळाकडून तक्रारीचं पत्र आलं.

आमचे प्रमुख सावदेकर साहेब पुण्याकडचे. आवाज कधी चढायचा नाही, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते पेनाचं टोपण बंद करायचे.

"रवींद्र, शनिवारपर्यंत मला कारण लेखी द्या. तीनच शक्यता आहेत. लाईन, मशीन किंवा माणूस." टोपण बंद झालं. "रात्री भैय्याजी बसतात, संदेश वेळेवर जातात. दुपारी नत्थूजी बसतात, तेव्हाच उशीर. हे मला दिसतंय, तुम्हालाही दिसत असेल."

"रात्री लाईन मोकळी असते, सर."

"असेल. तसं सिद्ध करा. माणूस असेल तर मी त्यांना रडारवर ठेवू शकत नाही. गॅस शेडमध्ये जागा आहे."

गॅस शेड म्हणजे हवेत सोडायचे फुगे जिथे हायड्रोजनने भरतात ती पत्र्याची खोली. नत्थूजींची नोकरी तिथूनच सुरू झाली होती.

हे त्यांनीच मला डबा खाताना सांगितलं होतं. उमरेडकडच्या एका खेड्यातला जन्म. तरुणपणी ते नागपूरला आले आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. छप्पनच्या दसऱ्याला घरच्या सगळ्यांनी दीक्षा घेतली आणि त्याच आठवड्यात त्यांनी रात्रशाळेत नाव घातलं. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. "पोट्टे हासत मले," ते सांगायचे. "म्हणत, मास्तर आला, मास्तर आला. म्या खाली पाहून बसत होतो शेवटच्या बाकावर." पुढे ते केंद्रात फुगे भरायला लागले. हायड्रोजन बनवायला लागणाऱ्या कॉस्टिक सोड्याने भाजल्याचा एक जुना डाग त्यांच्या डाव्या मनगटावर शेवटपर्यंत होता. तिसऱ्या खेपेला मॅट्रिक झाले, आणि सहासष्ट साली रडार आलं तेव्हा मॅट्रिक झालेला माणूस हवा होता. नागपुरातल्या इंदोऱ्याच्या त्यांच्या गल्लीत यंत्रासमोर खुर्चीवर बसून नोकरी करणारे ते पहिले. ते रडारवर बसले त्या दिवशी त्यांच्या बायकोने, कौसल्याबाईंनी, गल्लीत साखर वाटली होती.

वादळं बहुतेक दुपारी येतात आणि नत्थूजींसारखा ढग दुसऱ्या कोणाला वाचता येत नव्हता. म्हणून सगळ्या मे महिन्याची दुपारची ड्यूटी त्यांची. आता तेच त्यांच्या अंगाशी आलं होतं.

मी लाईनपासून सुरुवात केली. टेलिप्रिंटर पुष्पलता डोंगरे चालवायची. यंत्र तापून अडकायचं, म्हणून मार्चमध्ये ते रडारच्या इमारतीतून काढून नव्या इमारतीत, कूलरच्या खोलीत हलवलं होतं. त्याच वेळी तपासणी यायची होती, म्हणून नव्या इमारतीला आणि अंगणाच्या कुंपणभिंतीला पांढराशुभ्र चुना लावला होता.

"लाईन पाहता? पाहा ना बाप्पा," पुष्पलताने कागदाची गुंडाळीच माझ्यासमोर उलगडली. "माझ्या हातात कागद आला का दोन मिनिटांत गेला समजा. हे पाहा टायमिंग. नत्थूभाऊ कागद आणतात, वहीत माझी सही घेतात आन् पळत जातात. मी म्हणतो, भाऊ, काहून पळता उन्हात, ढग काही पळून नाही चालले."

"मग काय म्हणतात?"

"म्हणतात, ढगच पळून राहिला वं, तूच बसली आहेस कूलरपुढं."

वही नीट होती. संदेश नेणाऱ्याने त्यात वेळ लिहायची आणि घेणाऱ्याने सही करायची असा नियम होता. शिपायाची जागा दीड वर्षं रिकामी होती, म्हणून नत्थूजी प्रत्येक संदेश स्वतः घेऊन यायचे. मी वादळाच्या सहा दिवसांचे आकडे उतरवून घेतले आणि मला एक विचित्र गोष्ट दिसली. प्रत्येक दिवशी पहिला संदेश वेळेवर होता. दुसरा दहा मिनिटं उशिरा, तिसरा वीस, चौथा अर्धा तास. लाईन बिघडली असती तर उशीर असा पायरीपायरीने वाढला नसता. आणि ढग आमच्या डोक्यावर येऊन ऊन गेलं की उशीर वाढायचा थांबायचा. तो आकडा मी पाहिला, त्याखाली रेघही मारली, आणि त्याचा अर्थ काय हे मला कळलं नाही.

एवढं मात्र नक्की झालं की वेळ जात होता तो टेलिप्रिंटरच्या आधी. म्हणजे रडारच्या खोलीत.

गुरुवारी दुपारी वर्ध्याच्या पलीकडे ढग उठला. मी स्टॉपवॉच घेऊन रडारच्या खोलीत अडीच वाजताच जाऊन बसलो. ती खोली कायम अंधारी. खिडक्यांना काळा कागद, दाराला दुहेरी पडदा, आणि लिहिण्यापुरता एक लाल बल्ब. तीन वाजता नत्थूजींनी पडद्यावरून ढग उतरवून घेतला, आकडे लिहिले, तीन वाजून आठ मिनिटांनी ते बाहेर पडले. सवा तीनला परत आले. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. खुर्चीत बसले आणि दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून तसेच राहिले.

एक मिनिट गेलं. दोन गेली. सवा तीनचं निरीक्षण घ्यायची वेळ झाली होती.

"नत्थूजी, काय करून राहिले?"

"बसा ना जी साहेब. घाई करून ढग दिसत नाही."

मी पडद्याकडे पाहिलं. उजेडाचा काटा फिरत होता आणि त्याच्या मागे ढग मला स्वच्छ दिसत होता, हाताच्या अंगठ्याएवढा, कडा फाटलेल्या. "हा काय, दिसतोय की!"

त्यांनी हात काढले, पडद्यावर वाकले, पुन्हा मागे टेकले. माझं घड्याळ चालू होतं. तीन वाजून पंचवीस मिनिटांनी त्यांनी पेन्सिल उचलली आणि मग मात्र हात सरसर चालला. चूक एकही नाही.

दहा मिनिटं. हरवलेली दहा मिनिटं माझ्या हातातल्या घड्याळात होती, आणि दर फेरीला त्यांत आणखी दहा मिळत होती. मला शोध लागल्याचा आनंद व्हायला हवा होता. मी घड्याळ खिशात टाकलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"या उन्हाळ्यापासून." लाल उजेडात त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. "आधी वाटलं थकलो. मंग वाटलं पडदा खराब झाला. पण भैय्याजीले रात्री बराबर दिसते. मंग पडदा कसा खराब? माया बाप पंचावन्नचा होता तवा त्याचे डोळे गेले. आधी असंच. आतमधी आला का दिसे नाही. भिंतीले हात लावून चाले. मंग एक दिवस बाहेरबी दिसे नाही."

"डॉक्टरला दाखवलं?"

"काहून दाखवू जी? दाखवलं का तो लिहून देते. लिहून देलं का तुमाले फाईलीत लावा लागते." मग अगदी हळू म्हणाले, "साहेब, लाईन लिहा म्हणत नाही म्या. खोटं नका लिहू. पण डोळे नका लिहू. हळू काम करते लिहा. म्हातारा झाला लिहा. डोळे लिहिले तर मले गॅस शेडमधीबी ठेवत नाहीत. तिथं तर आग आहे."

संदेश तयार होता. "द्या, मी नेऊन देतो," म्हणालो. निदान त्यांची एक चक्कर वाचेल एवढाच विचार होता. कागदावर त्यांची सही होती, वहीत पुष्पलताची सही मी घेणार होतो. नियम मोडत नव्हता.

अंगण मे महिन्याच्या साडेतीनचं होतं. ऊन जमिनीवरून वर येत होतं, आणि समोरची चुन्याची भिंत आरशासारखी पेटलेली. डोळे बारीक करूनही डोळ्यांत पाणी आलं. पुष्पलताने सही केली, म्हणाली, "आज साहेबच शिपाई?" मी धावत परतलो, दाराचा दुहेरी पडदा बाजूला केला, खुर्चीत बसलो आणि रडारच्या पडद्याकडे पाहिलं.

काहीच नव्हतं.

काटा फिरल्याचा भास होता, बाकी काळं. मी चष्मा काढून पुसला. यंत्र बंद पडलं असं वाटून बटणांकडे हात नेला.

"नत्थूजी, ढग गेला का?"

"जाईल कुठं? हा काय," नत्थूजी म्हणाले. "वर्ध्याच्या अलीकडे आला. मागं एक लहाना नवा उठून राहिला. तुमाले नाही दिसत?"

"तुम्हाला दिसतोय?"

"बराबर दिसून राहिला."

मी घड्याळ सुरू केलं. दोन मिनिटं, चार मिनिटं. सहाव्या मिनिटाला मला पडद्यावर राखेसारखं काहीतरी जाणवलं. साडेनऊ मिनिटांनी ढग अंगठ्याएवढा झाला, कडा फाटलेल्या, आणि त्याच्या मागे तो लहान, नवा.

मी चोवीस वर्षांचा होतो आणि माझ्या वडिलांचे डोळे शाबूत होते.

"नत्थूजी," मी म्हणालो, "आपण दोघंही आंधळे होऊन राहिलो."

ते आधी हसले नाहीत. त्यांनी मला पुन्हा पाठवलं. अक्षरशः पाठवलं, "एक डाव अजून जाऊन या जी," म्हणून. पुढचा संदेश देऊन मी आलो, पुन्हा नऊ-दहा मिनिटं मला काही दिसेना, आणि तेवढ्या वेळात ते मला ढगाचं वर्णन करून सांगत राहिले. आडनावासकट माणूस सांगावा तसं. मग त्यांच्या छातीतून एक आवाज आला. मला वाटलं खोकला. पण ते हसत होते.

"बाप्पा! तीन महिने झाले, म्या कौसल्येसोबत भांडून राहिलो. ती म्हणे डोळ्यात मध घाल. म्या म्हणो, मध घालून ढग दिसते का कोनाले?"

शाळेत आम्हाला हे शिकवलं होतं. उजेडातून अंधारात आलं की डोळ्याला सरावायला वेळ लागतो. पण वायर, व्हॉल्टेज आणि लाईन तपासताना डोळा हाही या साखळीतला एक भाग आहे हे मला सुचलं नव्हतं. मार्चपर्यंत टेलिप्रिंटर खालच्याच मजल्यावर होता. जिना अंधारा. नत्थूजी उतरून कागद द्यायचे आणि वर यायचे, डोळा अंधारातच राहायचा. यंत्राला गार ठेवायला आम्ही ते अंगणापार नेलं, वर भिंतीला चुना लावला. रात्री अंगणात ऊन नव्हतं म्हणून भैय्याजी वेळेवर होते. माझी रेघ मारलेली ओळही आता वाचता येत होती. ढग डोक्यावर आला की ऊन जायचं आणि उशीर वाढायचा थांबायचा.

शनिवारी मी तीन पानांचा अहवाल दिला, आकड्यांच्या तक्त्यासकट. सावदेकर साहेबांनी तो दोनदा वाचला.

"म्हणजे तुमचं म्हणणं, चुन्यामुळे विमान परत गेलं?"

"तुम्ही स्वतः पाहा, सर."

ते पाहतील असं मला वाटलं नव्हतं. पण ते उठले, भर दुपारी अंगण ओलांडून रडारच्या खोलीत आले आणि पडद्यासमोर बसले. त्या दिवशी बैतूलकडे एक साधा ढग होता. नत्थूजी मागे उभे. बऱ्याच वेळाने सावदेकर साहेब म्हणाले, "तुम्ही मला फसवत तर नाही ना? इथे काहीच नाहीये."

"थांबा ना जी," नत्थूजी म्हणाले. "घाई करून ढग दिसत नाही."

साहेबांना तो आठव्या मिनिटाला दिसला. ते म्हणाले, "हं." आणि खिशातलं पेन काढून, टोपण न उघडताच, परत ठेवलं.

टेलिप्रिंटर परत हलवायची फाईल त्याच दिवशी निघाली. पण फाईलच ती. मंजुरी यायला पावसाळा उलटणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी दोन दिवस संदेश नेले, पण माझी कामं अडायला लागली. रोज रिकामा कोण असणार? लाल काचेचा चष्मा घातला तर चालतं असं मी एका पुस्तकात वाचलं आणि इतवारीचा बाजार पालथा घातला. लाल काच कुठे मिळाली नाही. जरीपटक्यात एकाने हिरवा गॉगल काढून दिला आणि म्हणाला, "हाच लाल समजा."

त्यापुढच्या सोमवारी मी आलो तर नत्थूजी अंगणातून येत होते. नागपुरात उन्हाळ्यात सगळेच डोक्याला दुपट्टा बांधतात. त्यांनी तो तिरपा बांधला होता, कपाळावरून खाली घेऊन डावा डोळा पूर्ण झाकलेला. एका डोळ्याने रस्ता बघत ते पुष्पलताच्या दारात पोचले.

"हे काय वं बाई! नत्थूभाऊ, कोनं मारलं?"

"कोनी नाही मारलं. सही कर."

"मंग डोळा काहून बांधला?"

"एक डोळा घरीच ठेवून आलो," नत्थूजी म्हणाले. "हा उन्हाचा. तो ढगाचा. सही कर लवकर."

मी त्यांच्या मागे खोलीत गेलो. दाराचा पडदा ओढून घेताच त्यांनी दुपट्टा वर सरकवला, उजवा डोळा मिटला, डाव्या डोळ्याने रडारच्या पडद्यावर वाकले आणि पेन्सिल चालू झाली. मी घड्याळ लावलं होतं. दारापासून पेन्सिल चालेपर्यंत चाळीस सेकंद.

"हे कोणी सुचवलं?"

"कोनी नाही. काल घरी जेवून राहिलो होतो. लाईट गेली. कौसल्येनं कंदील लावला, म्या हातानं एका डोळ्यावरची तिरीप आडवली. कंदील विझला तवा त्याच डोळ्यानं मीठ सापडलं. ती म्हणे, तुमाले कसं दिसलं? म्या तसाच बसलो जी, जेवण सोडून."

त्या आठवड्यात तीन वादळं आली. त्यातलं एक बुटीबोरीवर इतक्या झपाट्याने फुगलं की मीच घाबरलो. एकूण बावीस संदेश गेले. सगळ्यात उशिराचा चार मिनिटं, तोही पुष्पलताच्या यंत्राचा कागद संपला म्हणून. त्या दिवशी विमानतळावरून फोन आला आणि वादळ येण्याआधी विमान सुखरूप उतरवून घेतल्याचं त्यांनी सांगितलं. आभार वगैरे नाही. सावदेकर साहेबांनी निरोप वहीत लिहून घेतला आणि वही नत्थूजींकडे पाठवली, सहीसाठी. सहीची गरज नव्हती.

गॅस शेडचं नाव पुन्हा निघालं नाही.

जूनच्या सुरुवातीला नत्थूजी स्वतःहून डोळे दाखवायला गेले. एकट्याने जायचं धाडस होईना म्हणून मला सोबत घेतलं. डॉक्टरांनी थेंब घातले, दिव्याने पाहिलं, अक्षरं वाचायला लावली. बापाबद्दलही विचारलं. मग म्हणाले, "काही झालेलं नाही. जवळचं वाचायला चष्मा लागेल. वयच आहे ते."

बाहेर बाकावर नत्थूजी बराच वेळ बसून राहिले. थेंबांमुळे त्यांना सगळं पुसट दिसत होतं, ऊन सहन होत नव्हतं.

"चला, रिक्षा करू," मी म्हणालो.

"थांबा जी थोडं." त्यांनी खिशातून दुपट्टा काढला, आणि सवयीने एकच डोळा बांधायला लागले. मग लक्षात आलं तसे थांबले, आणि दोन्ही डोळ्यांवरून घेतला. "आज दोनीबी घरी ठेवतो. तुमी हात धरा."

मी हात धरून त्यांना रस्ता ओलांडून नेलं.

टेलिप्रिंटर पुढच्या वर्षी जुन्या खोलीत परत गेला. कुंपणभिंतीला त्यानंतर पिवळा रंग लागला. नत्थूजी शहाऐंशी साली निवृत्त झाले तेव्हा त्यांची शेवटची ड्यूटी दुपारचीच होती, आणि रडारवरची. उन्हातून खोलीत येताना डावा डोळा मिटायची त्यांची सवय मात्र गेली नाही. इंदोऱ्याच्या घरी मी कधी गेलो तर ते अंगणातून एक डोळा मिटूनच आत यायचे. कौसल्याबाई चुलीजवळून म्हणायच्या, "या, या. ढग पाहायले आले वाटते."